चिखलाची चव

"जिबेवर ठेव," जोमाकाका म्हणाले.

त्यांच्या बोटाच्या टोकावर हरभऱ्याएवढा हिरवट काळा चिखल होता. हजार मीटर समुद्र, त्याच्याही खाली दीडशे मीटर तळ, तिथून त्या दिवशी सकाळी वर आलेला. मी नाक मुरडलं.

"काका, प्रयोगशाळेत काहीही तोंडात घालायचं नसतं. पहिला नियम आहे तो."

"मग प्रयोगशालेच्या भायेर ये."

"अहो, उद्या सकाळच्या बोटीनं तुम्हाला परत पाठवतायत. खलाशी-पुस्तकात वाईट शेरा मारून. आणि तुम्ही चिखल काय चाखताय?"

"म्हनूनच चाखतंय," ते म्हणाले, आणि मी घेत नाही म्हटल्यावर त्यांनी तो चिखल स्वतःच्याच जिभेवर ठेवला. डोळे मिटले. थोडा वेळ तोंडात घोळवला आणि कठड्यावरून वाकून समुद्रात थुंकले.

"मीठ कमी हाय," काका म्हणाले. "गोडं पानी हाय यात, बाय. समुद्राच्या पोटात गोडं पानी कुटनं आलं?"

कुठून आलं ते त्या जहाजावर माझ्याइतकं चांगलं फार थोड्यांना ठाऊक होतं, आणि ते मला नेमकं त्याच दिवशी ऐकायचं नव्हतं.

वीस वर्षं होऊन गेली याला. मी बार्शीची वैजयंती उंबरजे, तेव्हा सत्तावीसची, रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होते. आमच्याकडे पाणी म्हणजे टँकर. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत, आणि दुसऱ्यांदा एकदम या जहाजावरून. आंध्रच्या किनाऱ्यापासून दूर, बंगालच्या उपसागरात आमचं जहाज उभं होतं. मधोमध भलामोठा मनोरा, त्यातून पाइप खाली सोडायचे आणि समुद्राचा तळ भोकं पाडून वर आणायचा. आईला काय शोधायला चाललेय ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "जळणारा बर्फ? मेल्यांनो, तुम्हाला शिकवून फुकट घालवलं."

पण आहे तो. समुद्राच्या तळाशी कुजलेल्या जिवांपासून मिथेन वायू तयार होतो. चुलीवर जळतो त्याच जातीचा. तिथे दाब प्रचंड आणि गारठा. अशा ठिकाणी पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरून फेर धरतात, त्याचा पिंजरा होतो आणि आत वायूचा एक रेणू कोंडला जातो. त्याला कुणी बांधलेलं नसतं. बाहेर दाब आहे, थंडी आहे, तोवर बसतो बिचारा. असे अब्जावधी पिंजरे एकाला एक चिकटले की पांढरा बर्फ होतो, काडी लावली तर पेटणारा. ध्रुवाकडच्या गोठलेल्या जमिनीखाली तो आहे, आणि खोल समुद्राच्या चिखलात आहे. मात्र वर आणायला लागलं की दाब उतरतो, पिंजरे फुटतात, वायू उडून जातो आणि हातात राहतं पाणी. म्हणून चिखलाची नळी जहाजावर येताक्षणी कॅमेऱ्यानं बघायची. साधा कॅमेरा नव्हे, उष्णता बघणारा. बर्फ वितळताना आजूबाजूची ऊब ओढून घेतो, त्यामुळे जिथे बर्फ असेल तिथे नळीवर गार, निळा डाग दिसतो.

तो कॅमेरा माझ्याकडे होता.

आता सांगूनच टाकते. आदल्या संध्याकाळी समुद्राची खारी हवा त्याला बाधू नये म्हणून मी तो कौतुकानं एसीच्या खोलीत नेऊन ठेवला. अगदी लेकरासारखा, फडक्यात गुंडाळून. सकाळी नळी आली अशी आरोळी झाली तशी उचलला आणि धावत बाहेर गेले. बाहेर उपसागरातली दमट वाफ. थंडगार काच तिथे नेली की काय होतं, ते गार पाण्याच्या तांब्याकडे बघणाऱ्या कुणालाही सांगता येईल. काचेवर दव धरलं. मी साडेनऊ मीटरची नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली, पडद्यावर सगळीकडे एकच रंग. मी वहीत लिहिलं, गार डाग नाही. मग काचेला टोपण लावायला गेले तेव्हा बोट ओलं झालं.

तोवर करवत चालू झाली होती, नळीचे तुकडे पडत होते. मी ओढणीनं काच पुसली. मान वर केली तर समोर जोमाकाका उभे, हातात खडू. त्यांनी पाहिलं. आणि पुन्हा नळीकडे वळले.

जोमा घरत म्हणजे नळी उतरवून घेणाऱ्या टोळीचे मुकादम. पेणकडचे आगरी, वय सत्तावन्न. अर्धं आयुष्य मिठागरात गेलेलं, मिठागर गेल्यावर जहाजांवर आलेले. हाताचे पंजे सुपाएवढे, आणि मला पहिल्याच दिवशी "बाय" म्हणायला लागले. मी ओकून ओकून अर्धी झाले होते तेव्हा आठ दिवस रोज सकाळी माझ्या दाराशी सुक्या आल्याचा तुकडा आणि कोरडी भाकरी ठेवायचे. "रिकाम्या पोटालाच दर्या लागतो," म्हणायचे. घरच्यांची आठवण येऊन मी एकदा रडत होते तर शेजारी येऊन बसले आणि तासभर जिताडा माशाचं कालवण कसं करायचं तेच सांगत राहिले. मी लिंगायत आहे, मासे खात नाही, हे त्यांना सांगायचा माझा धीर झाला नाही.

दुपारची बैठक छोटीच झाली. आमचे प्रमुख डॉ. चिरमुले, साताऱ्याचे, कानावर पेन्सिल आणि तोंडात एकच वाक्य: "मत नको, आकडा बोला." ध्वनिलहरींच्या नकाशात या जागेखाली बर्फ असल्याची ठळक खूण होती, आणि माझ्या वहीत काहीच नव्हतं.

"एक तर खाली काही नाहीये," चिरमुले सर म्हणाले, "नाही तर वाटेत वितळलं. नळी मनोऱ्यातून इथे यायला पंचवीस मिनिटं लागली. नेहमी बारा लागतात. घरत, का?"

"नली फुगली होती सायेब. आतून फुस्‌ फुस्‌ करत होती. पोरांच्या तोंडावर फुटू नये म्हनून थांबून भोकं पाडली."

"ते कुठे लिहिलंय?"

"लिवायला टाइम नव्हता."

"एवढी मोहीम, एवढं जहाज, आणि लिहायला वेळ नव्हता. मागच्या आठवड्यातही एकदा असंच झालं होतं. उद्या सकाळी रसदीची बोट येतेय, तुम्ही तिच्यातून जा. कप्तानाशी मी बोलतो. दुपारी जहाज पुढच्या जागेला निघेल."

वाईट शेरा पडला की या वयात दुसरं जहाज मिळत नाही, हे तिथल्या भांडी घासणाऱ्यालाही माहीत होतं. काकांनी मान हलवली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर गेले. आणि मी? मी पेनाचं टोपण काढत बसले, लावत बसले. बोलायला हवं होतं. वडिलांशी दोन महिने भांडून आले होते, जहाजावर मुली आम्ही दोघीच, माझा सगळा प्रबंध या चिखलावर उभा होता. कारणं काय, मागाल तेवढी निघतात.

तर सुरुवातीला सांगितलं ते हे, बैठकीनंतरचं. कठड्यापाशी.

"गोडं पानी कुटनं आलं?" काकांनी पुन्हा विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

मला सांगावं लागलं. "काका, बर्फाचा पिंजरा तयार होतो ना, त्यात मिठाला जागा नसते. फक्त पाणी आणि वायू. मीठ बाहेर राहतं. मग बर्फ वितळला की ते बिनमिठाचं पाणी आजूबाजूच्या खाऱ्या पाण्यात मिसळतं."

"मंजे बरफ गेला तरी कलतं."

"कळतं. पण तुमच्या जिभेनं नाही. मोजावं लागतं."

"मग मोज की! मी तीन जागी हात लावून पायलं, थंडगार होती नली. खडूनं फुल्या मारल्यात. तिथलाच चिखल घे."

म्हणजे माणसाच्या तळव्याला जे कळलं ते लाखांच्या कॅमेऱ्याला कळलं नव्हतं. मी नळीचे तुकडे काढले. खरंच तीन ठिकाणी खडूच्या फुल्या होत्या. मी त्या तीन फुल्यांवरचे आणि मधल्या चार जागांचे तुकडे घेतले, वरचा थर खरवडून टाकला आणि एकेक करून दाबयंत्रात पिळले. चिखलातून पाणी यायचं म्हणजे थेंब थेंब. उसाच्या गुऱ्हाळावर वाढलेल्या माणसाचा जीव जाईल. काका दाराबाहेर पायरीवर बसून होते. आत यायचे नाहीत, नियम पाळत होते.

मग त्या पाण्यात चांदीचं द्रावण थेंबाथेंबानं सोडायचं. मीठ असेतो पांढरा साका पडतो, मीठ संपलं की रंग विटकरी होतो. जितके थेंब लागले तितकं मीठ. पहिल्या नमुन्याला समुद्राच्या पाण्याइतकेच लागले. दुसऱ्यालाही तेवढेच. तिसरा फुलीवरचा. मी थेंब सोडत होते आणि मधेच, फार लवकर, रंग पालटला. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. चौथाई मीठ गायब! तिन्ही फुल्यांवर तसंच, आणि मधे सगळीकडे खारट.

"काका!" मी ओरडले. "आहे! बर्फ आहे! होता!"

"मी काय बोललो?" पायरीवरून आवाज आला. आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. त्यांनी मला खिशातला आल्याचा तुकडा बक्षीस दिला.

आनंदाच्या भरात मला वाटलं होतं की आता सगळं सुटलं. बर्फ होता, म्हणजे जागा वाया गेली नाही, म्हणजे काकांवरचा राग निवळेल. अक्कल म्हणतात ती अशा वेळी कुठे चरायला जाते कोण जाणे.

सकाळी सातला मी आकडे सरांपुढे ठेवले. त्यांनी दोनदा वाचले, कानावरची पेन्सिल काढली.

"नळाचं पाणी लागलं असेल चिखलाला. धुतला होता का कुणी?"

"नाही सर. आणि लागलं असतं तर सगळ्या नळीला लागलं असतं. फक्त तीनच जागी कमी आहे."

"या तीन जागा तुम्ही कशा निवडल्यात?"

"घरतांनी हात लावून खुणा केल्या होत्या."

सर उठून उभेच राहिले. चेहरा असा उजळला की ते एकदम दहा वर्षांनी तरुण दिसले. "उंबरजे, आपण इथून हलत नाही. शेजारी दुसरं भोक पाडायचं. आजच." आणि मग त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे बर्फ नळीत होता. आणि वाटेतल्या पंचवीस मिनिटांत घालवला. हातातोंडाशी आलेला घास! बोलवा घरतांना."

मी काकांना वाचवायला निघाले होते आणि माझ्याच आकड्यांनी त्यांचा गुन्हा पक्का केला होता.

काका आले ते हातात पिशवी घेऊनच. बोट लागली होती.

"घरत, खाली बर्फ होता," सर म्हणाले. "तुमच्या उशिरामुळे गेला. कबूल?"

काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "कबूल सायेब. उशीर आमचाच. रशी गुतली होती. नली फुगली वगैरे मी खोटं बोललो."

"काका!" माझ्या तोंडून निघालं.

"तू गप ऱ्हा, बाय."

आणि देवाशपथ सांगते, मी गप्प राहिले. दहा सेकंद असतील. सर शेऱ्याचा कागद पुढे ओढतायत, काका पिशवीचा बंद बोटाला गुंडाळतायत, आणि मी तिथे उभी. त्या दहा सेकंदांची मला आजही लाज वाटते.

"सर," मी म्हटलं, "बर्फ वाटेत पूर्ण वितळला असता तरी चिखल गार राहिला असता. अर्धा-पाऊण तास तरी. वितळणारा बर्फ ऊब खेचून घेतो. घरतांच्या हाताला गार लागलंच ना?"

सरांची पेन्सिल थांबली. तेही रसायनवालेच होते. "मग कॅमेऱ्याला का दिसलं नाही?"

"काचेवर दव होतं. मी कॅमेरा एसीत ठेवला होता आणि तसाच बाहेर आणला. बघून झाल्यावर कळलं मला. मी लिहिलं नाही, सांगितलंही नाही."

"कालपासून?"

"कालपासून."

सरांनी काकांच्या शेऱ्याचा कागद घेतला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. "घरत, कामावर जा. आणि यापुढे खोटं बोलायचं तर जरा बरं बोला. रस्सी गुंतली म्हणे!" काका जागचे हलले नाहीत तेव्हा सर जोरात म्हणाले, "जा म्हणतो ना!"

मग माझ्याकडे वळले. "चूक कुणाकडूनही होते, उंबरजे. दव काय, माझ्याही काचेवर आलं असतं. पण तुम्ही दुसऱ्याला बोटीत बसू देत होता. या मोहिमेत आता तुमच्या वहीवर मी विसंबू शकत नाही. बोटीत जागा आहे. आकडे उत्तम आहेत, ते तुमच्याच नावानं जातील. पण तुम्ही जा."

मी सामान बांधलं. बोटीत उतरायला तेव्हा क्रेनला टांगलेली दोरांची टोपली असायची, तिच्या बाहेरच्या कडेला उभं राहून दोर घट्ट धरायचे. टोपली हेलकावू नये म्हणून खालून रस्सी धरायचं काम काकांच्या टोळीचं. ते स्वतःच आले. मला वाटलं दोन शब्द बरे बोलतील. कसलं काय! डोळे लाल झालेले, भडकले होते नुसते.

"का बोललीस गो? मी म्हातारा मानूस. माजं काय आज हाय, उद्या नाय. तुजं सगलं पुढं परलंय!"

"तुम्ही खोटं का बोललात?" मीही रडत, नाक पुसत भांडतच होते. "मी कोण लागते तुमची?"

ते काही बोलणार होते, तेवढ्यात क्रेननं टोपली उचलली. पायाखाली समुद्र आला आणि मी डोळे मिटून घेतले.

बार्शीला येऊन पाच आठवडे झाले होते. वडील कुचकं काही बोलले नाहीत, तेच जास्त लागत होतं. एक दिवस दुपारी फोन वाजला, त्यांनी घेतला आणि रिसीव्हर कानापासून लांब धरून मला म्हणाले, "कुणी घरत म्हणून आहेत. लई मोठ्यानं बोलतायत."

"बाय! भेटला गो! भेटला!" काका बंदरावरच्या बूथवरून ओरडत होते. "दुसऱ्या भोकात! हाताएवढे तुकडे! पांढरे, अगदी आमच्या मिठासारके. तुजा सायेब लहान पोरासारका नाचला. तलव्यावर ठेवून काडी लावली त्याने, वर जाल पेटलाय नि खालून पानी गलतंय! तुजं नाव काढलं त्याने सगल्यांसमोर."

मी खाली जमिनीवरच बसले. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला तो बर्फ मला पाहायला मिळाला नव्हता, आणि तरी फार बरं वाटत होतं.

"काका," मी शेवटी म्हटलं, "माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय."

मग काका हळू बोलले. हळू बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

"मी अठरा वरसांचा होतो. मिठागरावर. बांधाच्या दारातून जिताडा येतो, त्यो धरायला मी दार उघडं ठेवलं नि झोपलो. नाल्याचं गोडं पानी आत आलं. पंधरा दिवस उन्हात तापवलेलं पानी, सगलं वाया. सकाली मी बोट बुडवून चाखलं, मना लगेच कललं. थुकलो, नि गप बसलो. राखनीला पोशादादा होता, त्याच्यावर आलं. मालकाने हाकलला त्याला. बायको-पोरं घेऊन मुंबईला गेला, मंग कंदी दिसला नाय. मना विचारलंच नाय कोनी, नि मी सांगितलं नाय. तवापासून गोडं पानी माज्या जिबेला बरोबर कलते."

"काका," मी म्हटलं.

"तुला काच पुसताना पायलं तवा मना वाटलं, हीबी गप बसनार. बसू दे, बोललो. पोशादादाचं देनं मी फेरतो. पर तू बोललीस. राग आलेला मना. मंग दोन दिवसांनी बरा वाटला."

बूथवाला तिकडे काहीतरी म्हणत होता, काकांनी त्याला दटावलं.

"आनि आयक. त्यो बरफ मी चाखला."

"काका, अहो, असं काहीही तोंडात..."

"जिबेवर चुरचुरतो गो, तडतड फुटतो. आनि मागं ऱ्हातं नुसतं गोडं पानी. इतकं गोडं, की बस!"

"आणि थुंकलात ना?"

"नाय, बाय," काका म्हणाले. "तवा थुकलो होतो. ह्ये गिललं."